कॉयरसाठी गाणी कशी निवडायची?

प्रश्न: ताई, आमच्या शाळेत समूहगानाचा ग्रुप आहे, पाचवी ते नववीची पोरं. गॅदरिंगला एक स्पिरिच्युअल, एक लोकगीत अन् एक संतपद बसवायचंय. निवडू कसं, हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांच्या ओळी) कितपत देऊ? – एक संगीत शिक्षक, परभणी

उत्तर: सर, आधी घरचं बघा की. गंगाखेड तुमच्याच जिल्ह्यात, जनाबाईचं गाव, अन् जात्यावरच्या ओव्या तर पोरींच्या आज्यांकडंच मिळतील, मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायला सांगा. ओवीला हार्मनी नकोच, सगळ्यांनी एका सुरात गायचं, खाली नुसता षड्ज धरायचा.

संतपद म्हणून पैठणच्या नाथांचं भारूड घ्या. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं, अन् स्पिरिच्युअलमध्येही बऱ्याचदा असंच असतंय, म्हणून दोन्ही लागोपाठ ठेवा. स्पिरिच्युअल म्हणजे अमेरिकेत गुलाम केलेल्या काळ्या लोकांची गाणी, बायबलमधल्या इजिप्तमधून सुटकेच्या गोष्टी त्यात येतात. १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क ज्युबिली सिंगर्सनी कॉलेजसाठी पैसे जमवायला दौरा काढला अन् ही गाणी लांबवर पोचली. पोरांना हे सांगूनच शिकवा, उच्चारांची नक्कल करून हसवायचं तर अजिबात नाही. (जोतीरावांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांनाच अर्पण केलंय, निवेदनात घ्याच.)

हार्मनीची हौस स्पिरिच्युअलमध्ये भागवा, पण सुरांच्या ओळी दोनच. ज्यांचा आवाज फुटायलाय त्या पोरांना खालची सोपी ओळ द्या, वर ताणायला लावू नका.