दाढ काढली, पण ठणका चौथ्या दिवशी सुरू झाला

प्रश्न : डॉक्टर, मी सिडकोत राहते, वय 34. सोमवारी खालची अक्कलदाढ काढली, दोन दिवस बरं होतं, पण गुरुवारी रात्रीपासून असा ठणका लागलाय की कळ पार कानात जाते, तोंडाला घाण वास येतो, मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघितलं तर खड्डा रिकामाच दिसला. ताप नाही, सूज नाही. सासूबाई म्हणतात लवंगेचं तेल टाक, शेजारच्या ताई म्हणतात अँटिबायोटिक घे. मंगळवारी ऊसाचा रस स्ट्रॉने प्यायले होते, माझंच चुकलं का?

उत्तर : ताई, आधी ते चुकल्याचं मनातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ड्राय सॉकेट वाटतो. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती आतल्या हाडावरचं झाकण असते, ते निघालं किंवा विरघळलं की हाड उघडं पडतं आणि हवा, पाणी, अन्न काहीही लागलं की कळ जाते. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, सिगारेट असेल तर अजून जास्त. स्ट्रॉने ओढू नका असं आम्ही सांगतो, पण नीट काळजी घेतलेल्यांनाही होतं हो.

आता घरी सहन करत बसू नका, उद्याच ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे जा. ते खड्डा सलाईनने धुतात आणि औषधाची पट्टी ठेवतात, त्यात बहुतेक वेळा लवंगेतलंच युजेनॉल असतं, म्हणजे सासूबाईंचं अगदीच चूक नाही, पण बाटलीतलं तेल थेट खड्ड्यात ओतलं तर हिरडी भाजते, ते मात्र नको. रडत आलेली माणसं पट्टी ठेवल्यावर थोड्या वेळात शांत बसलेली मी कितीदा बघितलीत. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते, दुखणं साधारण आठवडा-दहा दिवसांत उतरतं. दाढेचा तुकडा आत राहिलाय अशी शंका असेल तर त्यांना एक्स-रे काढायला सांगा, संकोच करू नका.

अँटिबायोटिक शेजारणीच्या सांगण्यावरून अजिबात नको, नुसत्या ड्राय सॉकेटला ते सहसा लागतच नाही. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारून, त्यातही ॲसिडिटी-अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा गरोदर असाल तर आधी सांगायचं. आणि गोळी गिळायची, हिरडीवर ठेवायची नाही, त्याने तोंड भाजलेले पेशंट येतात. कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ भरा, जोरात खळखळून नको. काडी घालून खड्डा कोरू नका. मिश्री लावत असाल तर बंद. मिसळीचा तर्रीवाला रस्सा सध्या नको, मऊ भात-वरण दुसऱ्या बाजूने चावा.

एक मात्र लक्षात ठेवा, ताप आला, गाल किंवा हनुवटीखाली सूज वाढली, पू आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दाखवा. गिळताना किंवा श्वास घेताना अडलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, सकाळची वाट बघू नका. खालचा ओठ किंवा हनुवटी अजून बधिर असेल तर तेही उद्या न विसरता सांगा, दाढेजवळून संवेदनेची शीर (नर्व्ह) जाते, तिला धक्का लागला असेल तर डॉक्टरांना आत्ताच कळायला हवं.