ओपिनियन लीडर लोकांची मतं खरंच फिरवतात का?

ओपिनियन लीडर म्हणजे ज्यांचं मत आजूबाजूचे लोक विचारतात अशी माणसं. पण मतदाराला स्वतःचं डोकं नसतं, चार वजनदार माणसं सांगतील तिकडे तो जातो, हे तुम्ही प्रश्नातच गृहीत धरलंय. माझे काका हेच आईला ऐकवायचे, म्हणून लिहितेय.

आई कुठल्या पक्षात नव्हती. पेपर मात्र रोज अथपासून इतिपर्यंत वाचायची आणि आजूबाजूच्या बायकांचे अर्ज भरून द्यायची. निवडणूक आली की त्याच बायका विचारायला यायच्या. एकदा एक शेजारीण पेन्शनचा अर्ज घेऊन आली. आईने तो भरला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली. कागद घेताना ती हळूच म्हणाली, "वहिनी, मत कुणाला देऊ?" आईने विचारलं, "तुझ्या मनात कोण आहे?" तिने नाव सांगितलं. "मग दे त्यालाच. पण पेन्शनचं काय करणार, ते विचारून घे आधी." काका दुसऱ्या उमेदवाराचं काम करत होते. तो पडला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर आईवर खापर फोडलं: "हिने बायका फितवल्या."

१९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून मतं कशी ठरतात आणि फिरतात, हे तपासलं होतं. बहुतेकांचा कल आधीचाच होता, प्रचाराने तो पक्का झाला. बाजू बदलणारे थोडेच. रेडिओ-पेपरातलं आधी लक्ष घालणाऱ्या मोजक्यांपर्यंत जायचं आणि त्यांच्या गप्पांतून बाकीच्यांपर्यंत. अशी माणसं, म्हणजेच ओपिनियन लीडर, समाजाच्या प्रत्येक थरात सापडली, कामगारांत कामगारच. देशातली बहुतेक वर्तमानपत्रं रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी विल्की यांच्या बाजूने होती, तरी रूझवेल्टच जिंकले.

शब्द चालतो तो कुंपणावरच्यांवर: घरचे एका बाजूला, कामावरचे दुसऱ्या, असे अडकलेले लोक ठरवायला उशीर लावतात. विश्वासातलं माणूस त्यांना बाहेर काढतं, निदान मतदानाला तरी नेतं.

प्रचारात असाल तर व्यासपीठावर वजनदार माणसं गोळा करत बसू नका. काकांनी तेच केलं. ज्या बायका फितवल्या म्हणून ते ओरडले, त्यांच्यापैकी एकीलाही त्यांनी काय हवं ते विचारलं नव्हतं.

दमदाटी करून किंवा पैसे वाटून मतं घेतात तिथे यातलं काही लागू नाही. फोनवरच्या ग्रुपचंही वेगळं आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला उलट प्रश्न विचारायची सोय नसेल, तर त्याच्या शब्दावर मत ठरवू नका.