लव्हाळा उपटला तरी परत येतोच, काय करू?

प्रश्न : दारापुढच्या वाफ्यात गुलाब आणि शेवंती आहे, त्यात लव्हाळा असा माजलाय की उपटून उपटून हात दुखले, चार दिवसांत परत हिरवंगार. शेजारच्या काकू म्हणतात मीठ टाक, नर्सरीवाला तणनाशक घ्या म्हणतो, पण घरात लहान मूल आहे आणि मांजर तिथेच लोळत असते. औषध न मारता जाईल का हा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जाईल ताई, पण एक-दोन वर्षं धरून चाला. मीठ मात्र अजिबात नको, लव्हाळ्याआधी गुलाबच जळेल आणि माती खराब होईल ती वेगळीच. उकळतं पाणीही वरवरचंच काम करतं.

खरी भानगड खाली आहे. लव्हाळा म्हणजे आपला नागरमोथाच, उटण्यात घालतो तो, त्याच्या गाठी जमिनीत एकीला एक जोडलेल्या असतात आणि तुम्ही वरची पात ओढली की ती तुटून हातात येते, गाठ तिथेच. वरची गाठ निघालीच तर खालच्या, ज्या इतके दिवस गप्प होत्या, त्या फुटायला लागतात, म्हणून उपटल्यावर जास्तच आल्यासारखा वाटतो. आता यातली सोयीची गोष्ट अशी की कोंब वर आल्यावर नवीन गाठी धरायला साधारण तीन-चार आठवडे जातात. त्यामुळे दर दोन आठवड्यांनी खुरपं खोल घालून काढत राहिलात, एकदाही न चुकता, तर गाठीतला साठा संपत जातो. पावसाळ्यात कंटाळा येतो आणि नेमकं तिथेच सगळं फिसकटतं.

शेवंती निघाल्यावर तो भाग एप्रिल-मेमध्ये वीतभर खोल खणा, गाठी वेचा, उरलेल्या गाठी उन्हात वाळू द्या, पाणी बंद. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका हं, तिथे मस्त जगतात.

पुठ्ठा, पालापाचोळा घाला, बाकीचं तण दबतं, पण लव्हाळ्याचं टोक सुईसारखं, पातळ प्लॅस्टिकसुद्धा फोडून वर येतं. त्यापेक्षा सावली बरी, याला ऊन लागतंच. गुलाबाच्या मधल्या जागेत झेंडू दाट लावा.

आणि नवीन रोप किंवा शेणखत आणलं की माती हाताने चाळून बघा, काळपट गाठी बऱ्याचदा त्यातूनच येतात.