हिरवळीत माजलेला लव्हाळा

प्रश्न : खारघर येथील आमच्या सोसायटीच्या आवारात गेल्या वर्षी मेक्सिकन लॉन लावले. यंदा पहिल्या पावसानंतर त्यातून लव्हाळा वर आला. माळ्याने तो दोनदा उपटला, पण प्रत्येक वेळी महिन्याभरात पूर्वीपेक्षा दाट उगवला. काही सभासद मीठ टाका म्हणतात, तर काही तणनाशक मारा म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, खारघर

उत्तर : लव्हाळा गवतासारखा दिसत असला तरी तो गवत नव्हे, त्याचा फुलाचा दांडा बोटांत फिरवून पाहिल्यास तीन कडा हाताला लागतात. त्याचे बळ जमिनीखालच्या गाठींत असते आणि या गाठी बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. पाती नुसती ओढली की धागा तुटतो आणि तोवर निपचित असलेल्या खालच्या गाठींना फुटवे येतात. आपल्याकडे नेमके हेच घडले असावे.

म्हणून माती ओली असताना खुरपे खोल घालून गाठीसकट लव्हाळा काढावा आणि मुख्य म्हणजे दोन खुरपण्यांत दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये. नवी पाती फुटताना गाठीतला अन्नसाठा खर्च होतो, तो पुन्हा भरण्याआधीच ती काढली तर गाठ हळूहळू निकामी होते. याला एक पावसाळा पुरेलच असे नाही. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, तेव्हा लॉन अगदी बोडके कापण्याची हौस आवरावी. दीड-दोन इंच उंची राखून ते दाट होऊ द्यावे.

मिठाचा सल्ला मुळीच मानू नये, कारण त्याने आधी लॉन जळेल आणि मातीही बिघडेल. तणनाशकांपैकी ग्लायफोसेट जिथे पडेल तिथले लॉनही मारते. उसाच्या शेतात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक वापरतात हे खरे, परंतु लहान मुले जिथे अनवाणी खेळतात तिथे मी ते सुचवणार नाही.

जिथे लव्हाळाच अधिक आणि लॉन नावापुरते उरले असेल, तो तुकडा एप्रिल-मे महिन्यांत सरळ उकरावा. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत सापडतात. माती चाळून त्या वेचाव्यात, उरलेली माती उन्हात पसरून पूर्ण वाळू द्यावी आणि जूनमध्ये नवे लॉन लावावे. त्यासाठी बाहेरून आणलेल्या लाल मातीतून व शेणखतातून गाठी पुन्हा येऊ शकतात (बहुतेक सोसायट्यांत लव्हाळ्याचा शिरकाव असाच होतो), म्हणून आधी थोडासा नमुना कुंडीत भरून दोन-तीन आठवडे ओला ठेवावा आणि काय उगवते ते पाहूनच उरलेला माल उतरवून घ्यावा. वेचलेल्या गाठी सोसायटीच्या खतखड्ड्यात मात्र टाकू नयेत. तिथे त्या मरतीलच याची खात्री नसते आणि पुढच्या वर्षी खताबरोबर त्याच लॉनवर येतात.