शेळीला तिळे झाले, त्यातलं एक करडू उठत नाही, चोखतही नाही. काय करू?

आधी ऊब, मग चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध. हा क्रम चुकवू नका. करडाच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं आणि ते बोट ओढत नसेल, तर बाटलीनं काहीही पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. गोणपाटानं खसाखसा पुसून कोरडं करा आणि चुलीजवळ किंवा बल्बखाली ठेवा.

आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला फळलेल्या शेळ्या पाच महिन्यांनी ऐन थंडीत वितात, त्यामुळे एखादं गारठलेलं करडू दरवर्षी हातात येतंच. तोंड कोमट होऊन ते बोट चोखायला लागलं की सडाच्या पहिल्या दोन धारा जमिनीवर काढा, टोकाशी मेणासारखा बोळा असतो. मग करडू सडाला लावा. दोन किलोच्या करडाच्या पोटात २४ तासांत साधारण २०० मिली चीक थोडाथोडा करून गेलाच पाहिजे. वार (व्यायल्यानंतर बाहेर पडणारी जार) पडायची वाट बघत करडाला उपाशी ठेवू नका, ही चूक फार जण करतात.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. वार १२ तासांत पडली नाही तर ओढू नका, पशुवैद्यकांना बोलवा.