शून्याचे सहा झाले म्हणून काय

पत्र, थोडं कापून: "ताई, मी आणि माझी मैत्रीण दोघी सत्तेचाळीसच्या, हॉस्टेलपासून अमेरिकन रॉक गायिका लिझ फेअरच्या फॅन. तिच्या पहिल्या अल्बमची, 'एक्झाइल इन गायव्हिल'ची, एकच कॅसेट होती आमच्यात, आज कोणाच्या उशाशी यावरून भांडायचो. 2003 मध्ये लिझ पॉपकडे वळली तेव्हा मैत्रीण म्हणाली बाई विकली गेली, आणि पुढे तो आमचा कायमचा जोक झाला. खरं तर मला तो अल्बम आवडला होता, तेव्हा बाळ लहान होतं, रात्री हेडफोन लावून ऐकायचे. पण तिला कधी बोलले नाही. परवा ती म्हणाली की आता ही जुनाच माल विकतेय, आणि मी भडकले. त्या अल्बमला शून्य देणाऱ्या समीक्षकाने नंतर माफी मागितली, पिचफोर्क या म्युझिक वेबसाइटने त्याचे मार्कही वाढवले, सगळे स्क्रीनशॉट पाठवले तिला. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, 'म्हणजे वीस वर्षं तू नाटक करत होतीस?' दोन महिने झाले, बोलणं बंद. एका गायिकेवरून एवढं? तिला कसं पटवू? – जुनी कॅसेट"

अगं कॅसेट,

पटवू नकोस. पुरावे तू ढीगभर पाठवलेस ना, आणि त्यातूनच हे झालंय.

आधी त्या स्क्रीनशॉटचं बघू कारण तुझी सगळी भिस्त त्याच्यावर दिसतेय. पिचफोर्कने 2003 मध्ये दहापैकी 0.0 दिला, बरोबर. 2019 मध्ये त्या समीक्षकाने जाहीर माफी मागितली, तेही बरोबर. आणि 2021 मध्ये पिचफोर्कने आपले जुने मार्क पुन्हा तपासले तेव्हा या अल्बमला किती दिले? 6.0. सहा गं! दहा नाही. म्हणजे ज्या कागदावर तू केस जिंकायला निघालीस त्यावरच लिहिलंय की अल्बम ठीकठाक आहे. तुझ्या मैत्रिणीने हे बघितलं असणारच, तिने बोलून दाखवलं नाही हा तिचा चांगुलपणा. आणि माफी त्या माणसाने लिझची मागितली, स्वतःच्या लिखाणाबद्दल. ती उचलून दुसऱ्या कोणाच्या डोक्यात घालायला नाही.

आता तुझ्या मैत्रिणीचं. ती सरसकट चूक नाहीये. तिने ज्या लिझवर जीव टाकला ती बाई 1991 मध्ये शिकागोजवळच्या आईबापांच्या घरी, आपल्या खोलीत फोर-ट्रॅकवर, म्हणजे घरगुती टेप रेकॉर्डरवर, गाणी टेप करत होती, त्या कॅसेट एकाने दुसऱ्याला कॉपी करून दिल्या आणि अशाच त्या पसरल्या. मग 1993 मध्ये 'गायव्हिल', अठरा गाणी, रोलिंग स्टोन्स बँडच्या आख्ख्या डबल अल्बमला उत्तर म्हणून, आणि आवाज असा की समोर बसून आडपडदा न ठेवता सगळं सांगतेय. स्टेजवर उभं राहायची तिला भयंकर भीती वाटायची हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि फॅनना तर त्याचंही कौतुक. ज्या पोरीने ते उशाशी ठेवलं, तिच्यासमोर दहा वर्षांनी द मॅट्रिक्स या टीमने बनवलेली गुळगुळीत गाणी आली. पॉप गायिका अव्हरिल लव्हीनची हिट बनवणारी तीच टीम. तिला वाटलं आपल्या घरातलं माणूस उठून समोरच्या मॉलमध्ये उभं राहिलं. वाटू शकतं. गाणं न आवडायला परवानगी लागत नाही.

फक्त 'विकली गेली' हे जे आहे ना, ते मला पटत नाही. चौदा गाण्यांपैकी मॅट्रिक्सची चार, बाकीची दहा कोणी ऐकली? रेकॉर्ड कंपनीला हिट हवं होतं, आधीच्या अल्बमला पाच वर्षं उलटून गेली होती, बाई छत्तीसची, घटस्फोट झालेला, पदरात लहान मुलगा. 'व्हाय कान्ट आय' बिलबोर्डच्या म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत 32व्या नंबरपर्यंत गेलं, तिचं सगळ्यात जास्त चाललेलं गाणं तेच. पैसे हवेत असं बाई उघड म्हणाली की लोक नाराज होतात, आणि खोलीत बसून टेप केलं की ते शुद्ध! खोलीचं भाडं कोण भरतं ते कुणी विचारत नाही. (हे मी जरा जास्तच चिडून लिहितेय, माझंही काही जुनं आहे त्यात, पण कॉलम तुझा आहे.)

आणि 'जुनाच माल' म्हणशील तर, 2023 मध्ये 'गायव्हिल'ला तीस वर्षं झाली म्हणून तिने टूर केली आणि आख्खा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. स्टेजला घाबरणारी बाई रोज रात्री अठराच्या अठरा गाणी म्हणत होती. याला कमबॅक म्हण नाहीतर धंदा म्हण, पण मधल्या काळात ती काही घरी गाद्यांवर लोळत नव्हती, टीव्ही मालिकांना म्युझिक देत होती. 2010 चा 'फनस्टाइल' अल्बम तर तिने स्वतःच्या वेबसाइटवरून काढला, त्यात 'बॉलीवूड' नावाचं एक गाणं आहे ज्यात ती म्युझिकच्या धंद्यावर रॅप करते. मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा बंद केलं. मग अकरा वर्षांनी पुढचा अल्बम 'सोबरिश', आणि प्रोड्युसर परत तोच, 'गायव्हिल'चा ब्रॅड वुड. विकली गेलेली बाई असं काही करेल का हे तुझ्या मैत्रिणीला विचारायचा मोह मला होतोय पण तू विचारू नकोस, आत्ता तरी नको.

कारण तिचा प्रश्न तुला ऐकूच आला नाहीये. तिने लिझबद्दल काही विचारलंच नाही. तिने विचारलं की तू वीस वर्षं नाटक करत होतीस का. आणि कॅसेट, खरं सांगू? करत होतीस. ती जोक मारायची, तू हसायचीस, घरी जाऊन हेडफोन लावायचीस. तुला वाटलं त्यात काय एवढं, एक अल्बम तर आहे. पण तिच्या बाजूने बघ, तिला वाटत होतं की जगात एक माणूस आहे ज्याचं आणि आपलं ऐकणं एक आहे, आणि तो जोक ती दरवेळी त्या भरवशावर मारत होती. आता तिला मागचं सगळं पुन्हा तपासावं लागतंय, की बाकी कुठे कुठे ही नुसतीच मान डोलवत होती. आणि हे कळलं कसं, तर तू निवांत बसून सांगितलंस म्हणून नाही. भांडणात, चार स्क्रीनशॉट तोंडावर फेकून. मला राग आला असता बाई.

तू पत्रात एक वाक्य घाईघाईत टाकून पुढे गेलीस, बाळ लहान होतं आणि रात्री ऐकायचे. त्या अल्बमवर 'लिटल डिगर' आहे. छोटा मुलगा, त्याची खेळण्यातली ट्रकं, आणि आईच्या आयुष्यात आलेला नवा पुरुष, आई हे सगळं बघतेय आणि पोराला काय वाटत असेल हे तिला कळतंय. ज्या अल्बमला लोक शाळकरी पोरींची नक्कल म्हणाले त्याच अल्बमवर हे गाणं आहे, आणि वीस वर्षांची मुलगी ते लिहूच शकली नसती. माझा अंदाज आहे तू हेच गाणं ऐकायचीस. चुकत असेन तर सोड, पण जे कुठलं होतं ते, तुझ्या मैत्रिणीला तू ते कधीच सांगितलं नाहीस. त्या रात्री कशा होत्या, झोप नव्हती, कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, आणि जिच्याशी बोलायचं तिच्यासमोर तो अल्बम म्हणजे जोक झाला होता म्हणून ती वाटही बंद होती. तिला काहीच माहीत नाही गं यातलं. तिला वाटतंय तू तिला हसत होतीस.

तर फोन कर. मेसेज नको, मेसेजमध्ये तू वकील होतेस हे आपण बघितलं. आधी म्हण की हो, नाटक करत होते, आणि तिथे थांब, तिला काय बोलायचंय ते बोलू दे, ती बहुतेक बरंच बोलेल आणि त्यातलं थोडं लागेल. मग त्या रात्रींबद्दल सांग. लिझचं नाव निघालं तर निघालं. ती म्हणाली की तरी मला तो अल्बम भंगारच वाटतो, तर वाटू दे, 'फेव्हरिट'मध्ये प्रेमाची तुलना अंडरवेअरशी केलीये, त्याची बाजू मी पण घेणार नाही.

ता.क. मध्ये तू विचारलंयस की 'सोबरिश' तिला गिफ्ट पाठवू का. आत्ता नको, तो पाचवा स्क्रीनशॉट वाटेल. ती जुनी कॅसेट सध्या कोणाकडे आहे ते लिहिलं नाहीस. तुझ्याकडे असेल तर ती घेऊन जा.

– ताई