माइक हातात घ्या, पण आधी पॉलिसी वाचा

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात 18 वर्षं क्वालिटीत काम करणाऱ्या, 46 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेट समालोचन ऐकत वाढलेला माणूस. रविवारी टेनिस बॉलच्या आणि कबड्डीच्या स्पर्धांत माइक त्यांच्याच हातात असतो. आता 31 मार्चला राजीनामा देऊन मुंबईत क्रीडा समालोचनाचा कोर्स करायचाय. फी 4 लाख. ती पीएफमधून भरू की एफडी मोडू, एवढाच त्यांचा प्रश्न.

उत्तर एका ओळीचं आहे: दोन्ही नको. पण पत्रात खाली, जाता जाता, एक वाक्य आहे: 'घरखर्चाची काळजी नाही. बँकेच्या योजनेत वर्षाला 3 लाख भरतो, 18 टक्के परतावा आहे. मार्चमध्ये तिसरा हप्ता गेला की बँकेतल्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मोडून 11 लाख मिळतील, त्यात दोन वर्षं निघतील.'

अहो, ही बँकेची योजना नाही. सोबत पाठवलेल्या कागदावर विमा कंपनीचं नाव आहे आणि हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं लिहिली आहे. तीन नव्हे, दहा. म्हणजे एकूण 30 लाख भरायचे, पहिला हप्ता भरल्यापासून 11 वर्षांनी पैसे सुरू होणार, मग दहा वर्षं दरसाल 5 लाख 40 हजार. त्याला 30 लाखांनी भागलं की बँकेतल्या साहेबांचे '18 टक्के' निघतात. वाट पाहण्यातली वर्षं त्यांनी धरलीच नाहीत. ती धरली तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. जो पीएफ तुम्ही मोडायला निघालात, त्यावर 2024-25 साठी 8.25 टक्के जाहीर झाले होते.

तिसऱ्या हप्त्यानंतर मोडलीत तर? हमीचं सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी मोडल्यावर कंपनीला द्यावीच लागणारी रक्कम, भरलेल्या रकमेच्या 35 टक्के धरा. 9 लाखांचे 3 लाख 15 हजार. कंपनीचं विशेष सरेंडर मूल्य याहून बरं असू शकतं, पण 11 सोडा, 9 लाखही परत येणार नाहीत. ज्या पैशावर दोन वर्षं काढायचं ठरवलंय, तो पैसा अस्तित्वातच नाही.

म्हणून या आठवड्यात कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली, तर पुढे दरसाल किती. दोन हप्ते गेलेत, त्यामुळे पेड-अपला साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे लाखभर येईल. मी पेड-अपकडे झुकेन. बँकेकडे आणि विमा कंपनीकडे फसवून विकल्याची तक्रारही करा. दाद लागली नाही तर नाशिककरांसाठी पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आहे. मात्र एक विचारतो. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा 'सगळ्याला हो म्हणा' असं कुणी सांगितलं होतं का? मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. त्या 'हो'मुळे तक्रार अवघड होते, अशक्य नाही.

आता स्वप्नाचं. घरखर्च 38 हजार, घराचा हप्ता 22 हजार, वहिनींना शिकवण्यांतून मिळणारे 20 हजार. महिन्याला 40 हजारांची तूट, वर्षाला पावणेपाच लाख. कोर्सची फी आणि पॉलिसीचा हप्ता धरला तर पहिल्याच वर्षी बारा लाखांच्या घरात. जवळ काय? एफडी 5 लाख आणि ग्रॅच्युइटी. मूळ पगार 35 हजार, त्याला 15 भागिले 26, गुणिले 18 वर्षं: साडेतीन लाखांच्या वर थोडी. आणि गेल्या वर्षी माइकवर मिळाले, तुमच्याच शब्दांत, 46 हजार.

आयपीएलचं मराठी समालोचन 2023 पासून मोबाइलवर आलं, हे तुम्ही लिहिलंय. खरंय. पण हंगाम दोन महिन्यांचा, आणि ओळखीचा माजी खेळाडू मिळत असेल तर माइक आधी त्याच्याकडे जातो. कोर्सवाल्यांच्या पत्रकात 'प्लेसमेंट सहाय्य' आहे. सहाय्य म्हणजे नोकरी नव्हे. मागच्या तुकडीतल्या पाच जणांचे नंबर मागा, दिले नाहीत तर तेच उत्तर समजा.

नोकरीत राहून वर्षभर हे करा: हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना आला की रजा टाकून एक पूर्ण सत्र मोबाइलवर रेकॉर्ड करा. पुढचा फलंदाज येईपर्यंतची शांतता भरता येते का, ते तिथे कळेल. गल्लीतल्या स्पर्धाही आता यूट्यूबवर थेट दिसतात. तिथे पैसे घेऊन बोला. माइकचे महिन्याला 25 हजार, तेही पावसाळा धरून, येऊ लागले की मला परत लिहा.

शुगर आहे म्हणालात आणि मेडिक्लेम फक्त कंपनीचा. तो राजीनाम्यासोबत संपेल. आधीच्या आजारासाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ताच, नोकरीत असतानाच घ्या आणि शुगर लपवू नका.

आणि हो, तिसरा हप्ता 20 मार्चला खात्यातून आपोआप जाणार आहे. ते दोन आकडे त्याआधी हातात हवेत, आणि पेड-अप ठरलं तर बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करून पोचपावती घ्या. त्या साहेबांच्या टेबलासमोर मात्र बसू नका.